घाटकोपरला नेलेली ओली गाडी

आमचे आबा सांताक्रूझला एका साहेबाची गाडी चालवायचे. साहेब विलायतेला गेला आणि जाताना आवारात सडत पडलेली जुनी गाडी आबांना देऊन गेला. बैल जुंपून ती अंधेरीला आमच्या दारात आणली. मडगार्ड गंजानं इतकं खाल्लेलं की कोंबडी त्यातून पलीकडचं बघायची.

आबांना ती एकाच कामाला हवी होती. ताईला पहिल्या बाळंतपणाला घाटकोपरहून माहेरी आणायचं, ते स्वतःच्या गाडीतून. त्याला कारण होतं. ताईच्या लग्नात वरातीच्या गाडीचा ड्रायव्हर आलाच नाही, तेव्हा व्याह्यांनी सरळ आबांच्या हातात किल्ली ठेवली. "तुम्ही आहातच की!" मुलीचा बाप वरात हाकत गेला. परत आला तर पंगतीत त्याला कोणी 'बसा' म्हटलं नाही. मी होतो पंगतीत. तीनदा जिलबी घेतली.

गाडी आली तेव्हा आबा एका शेठकडे ड्युटीला होते. रविवार आला की गाडीखाली. इंजिन त्यांनी लवकरच चालतं केलं, खरं काम पत्र्याचं होतं. गंज खरवडायचा, रॉकेलनं पुसायचा, भोकांवर तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकायचा, वर लांबीचा लगदा भरून तो पॉलिश पेपरनं घासायचा. तीन महिने असं चाललं. मग शेंदरी अस्तर मारलं, तर शेजारची म्हातारी जाता-येता गाडीला नमस्कार करायची.

शेवटचा काळ्या रंगाचा हात राहिला आणि आबांचा खांदा धरला. मी म्हटलं, मी मारतो. मला दुसरं काम होतं कुठे? नाक्यावर उभं राहून लोकांना हसवायचं, हाच आपला धंदा.

"रंग घट्ट आहे," आबा म्हणाले. "जवसाच्या तेलात पातळ कर. दुसरं काही घालू नकोस."

जवसाचं तेल स्टेशनापलीकडे मिळायचं, आणि बाहेर ऊन होतं. घरात शेंगदाण्याचं होतं. तेल ते तेल, म्हटलं. तिसरी नापास माणसाला एवढं डोकं म्हणजे पुष्कळ झालं.

रंग काय झकास बसला! तोंड दिसायचं त्यात. चार दिवसांनी बोट लावलं, बोट काळं. आठ दिवसांनी लावलं, तरी काळं. ताईला आणायचा दिवस ठरलेला.

"वाळला ना रे?" आबांनी विचारलं.

मी बोट चड्डीला पुसलं. "दगड झालाय, आबा."

निघायच्या दिवशी आबा धुतलेला कोट घालून आले. दाराला त्यांचा हात लागू नये म्हणून मीच पुढे पळालो, फडक्यात धरून दार उघडलं आणि सलाम ठोकला. जन्मभर लोकांची दारं उघडलेला माणूस तो. लाजला. "पुरे कर गाढवा," म्हणाला आणि हसत बसला. त्याला वाटलं, पोरगा मान देतोय.

मरोळपर्यंत ठीक होतं. पुढे धूळ, तबेल्याचा पेंढा, माश्या, जे बसलं ते उठलंच नाही. घाटकोपरला पोचलो तर काळ्या गाडीला लव फुटलेली. आबांनी उतरून गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी आभाळाकडे बघितलं.

तेवढ्यात व्याही बाहेर आले. "वा वा, गाडी घेतलीत!" म्हणाले आणि पांढरंशुभ्र धोतर मडगार्डला टेकवून उभे राहिले. मी ओरडायला हवं होतं. नाही ओरडलो. ते बाजूला झाले आणि धोतरावर मागून उठलेला काळा ठसा बघून अख्खी चाळ हसली. मग माझी जीभ कुठली गप्प बसते?

"गाडीला तुम्ही आवडलात," मी म्हटलं. "सोडतच नव्हती."

हशा दुप्पट झाला. व्याही माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. आबांना म्हणाले, "रॉकेल आणायला सांगतो, तुम्ही धोतर पुसून द्या. तुम्हाला सवय आहे."

आबांनी पुसलं. सगळ्यांसमोर, वाकून.

"आणि असल्या गाडीत आमची सून बसणार नाही," व्याही म्हणाले. टॅक्सी मागवली. ताई तिच्यात बसली. खिडकीतून आबांकडे बघायचं तिनं टाळलं.

टॅक्सी पुढे, मागे आम्ही दोघं. मागची सीट रिकामी, ताईसाठी अंथरलेली चादर तशीच. साकीनाक्याला आबांनी विचारलं,

"कुठलं तेल घातलंस?"

"जवसाचं."

त्यांनी खिडकीतून हात काढून दारावर अंगठा घासला आणि नाकाशी नेला. टॅक्सीची धूळ येऊन आमच्या बॉनेटवर बसत होती.

"काच वर कर," म्हणाले. तेवढंच.