कमळाच्या हौदाला पंप

मोशीत आमच्याकडे पंप पारखायची एकच रीत होती. इंजिन सुरू करायचं आणि पाइपातून पडणाऱ्या धारेत तळहात आडवा धरायचा. हात मागे ढकलला गेला तर पंप चांगला, धरून ठेवता आला तर कुचकामी. नदीकाठच्या मळ्यांवर तेलाची इंजिनं तेव्हा नवी नवी येत होती. माझे वडील, चुलते असेच पंप घ्यायचे आणि मग पारावर बसून एकमेकांच्या धारेची टिंगल करायचे. याच अकलेवर मी कारखान्याच्या बागेतल्या हौदासाठी पंप निवडला, आणि एका माणसाचं काम घालवलं.

पिंपरीचा तो कारखाना नुकताच उभा राहिला होता. मी स्टोअरमध्ये कारकून होतो. मॅट्रिक झालेला, कायम नोकरीतला, त्यामुळे डोकं कायम हवेत. बागेत कमरेइतका खोल, मासे सोडलेला गोल हौद होता आणि त्यात कमळं लावली होती ती माळ्याने. पन्नाशीचा, रहाटणीचा माणूस, रोजंदारीवर. सगळे त्याला मामा म्हणत. कुठल्याशा तळ्यातून कमळाचे कंद ओल्या पोत्यात गुंडाळून त्याने डोक्यावरून आणले होते. दोन वर्षं नुसती पानं आली. त्या वर्षी पहिल्यांदा चार कळ्या धरल्या, तेव्हा तो दुपारची भाकरीसुद्धा हौदाच्या काठावर बसून खायचा.

साहेबांनी त्याला शब्द दिला होता. पाहुणे कारखाना बघायला येतील त्या दिवशी हौद फुललेला दिसला, तर तुला कायम करू. कायम झाला की कामगारांच्या चाळीत खोली मिळणार होती. नाहीतर रोज रहाटणीहून नावेने पवना ओलांडून यायचं; पूर आला की नाव बंद, मामाचा खाडा आणि त्या दिवसाची मजुरीही गेली. खोलीबद्दल तो फार बोलत नसे, पण चाळीवरून जाताना कोणती खोली रिकामी आहे ते बघून ठेवायचा.

मध्येच हौदाचं पाणी हिरवं पडू लागलं. साहेब म्हणाले, "पंप बसवा, पाणी फिरतं ठेवा. पाहुण्यांना बरं दिसेल." खरेदी माझ्याकडे आली. मामाला बरोबर घेऊन मी कासारवाडीला एका मुसलमान मिस्त्रीच्या दुकानात गेलो. पंप विकायचा आणि दुरुस्तही करायचा. सचोटीचा माणूस म्हणून पंचक्रोशीत नाव होतं.

मिस्त्रीने एक लहान पंप काढला आणि विचारलं, "हौदात पाणी किती आहे?"

मला माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणायला जीभ वळेना. मी म्हणालो, "ते राहू द्या. धार दाखवा."

त्याने पिंपात पाइप सोडून लहान पंप चालू केला. मी तळहात धरला. हात जागचा हलला नाही. मी हसलो. मग कोपऱ्यातल्या मोठ्या पंपाकडे बोट दाखवलं. त्याच्या धारेने हात झटकून टाकला, शर्ट भिजला, आणि मला घरच्यासारखं वाटलं.

"हौदाला धार बघत नाहीत, राव," मिस्त्री म्हणाला. "हा शेतीचा पंप आहे. तुम्हाला पाणी नुसतं सावकाश फिरवायचंय."

मामा हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, बारकाच घ्या. कमळाला हललेलं पानी सोसत न्हाई."

"मामा, आमच्या मळ्यावर दोन इंजिनं आहेत. तुम्ही झाडं सांभाळा," मी म्हणालो. वयाने बापाएवढ्या माणसाला, परक्या दुकानात, चारचौघांसमोर. त्याने मान खाली घातली आणि मोठा पंप उचलायला वाकला. ते वाकणं आठवलं की आजही मला स्वतःची लाज वाटते.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी आम्ही पंप चालू केला. धार जोरदार पडली. मीच टाळी वाजवली. दहा मिनिटांत तळाचा चिखल वर आला, पानं उलटीपालटी झाली, दोन कळ्या देठापासून तुटल्या आणि पंपाच्या तोंडात मासे ओढले जाऊ लागले. मामा धोतर खोचून हौदात उतरला आणि उरलेल्या कळ्यांभोवती दोन्ही हात धरून उभा राहिला. मी बटण बंद केलं, पण पाणी गढूळ ते गढूळच. तेवढ्यात पाहुणे आले.

ते गेल्यावर साहेबांनी मला बोलावलं. "हा पंप कुणी पसंत केला?"

मी म्हणालो, "माळी सोबत होते, साहेब."

यात खोटं काही नव्हतं, अशी मी बरीच वर्षं मनाची समजूत घातली. खोटं होतं. साहेबांना काय समजेल हे मला पुरतं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून मामाला कामावर यायला मनाई झाली.

तो खुरपं आणि पाण्याची झारी जमा करायला स्टोअरमध्ये आला. मला वाटलं, आता बोलेल. शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने वस्तू टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, "भाऊसाहेब, पंपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. मासं मरत्यात."

साहेबांची खोली माझ्या टेबलापासून वीस पावलांवर होती. मी उठलो नाही.

जाळी मी त्याच दिवशी बांधली, पाइपाला चावी लावून धारही बारीक केली. आठवड्याने साहेब हौदापाशी थांबले. मासे निवांत फिरत होते. "छान," ते म्हणाले. "जाळीची कल्पना कुणाची?"

मी म्हणालो, "माझी."