मूळ प्रत

आमच्या गल्लीत दादाला सगळे 'परदेश' म्हणतात. "काय परदेश, आज लवकर?" असं समोरचा चहावाला रोज सकाळी विचारतो आणि दादा रोज हसतो. पहिल्या महिन्यात ते कौतुक होतं. आता चौदावा महिना चालू आहे आणि ती हाक दादाला कुठं लागते, हे चहावाल्याच्या गावीही नाही.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. पाण्यातले दोष कसे शोधायचे आणि ते प्यायला योग्य कसं करायचं, याचं शिक्षण घेऊन तो तीन वर्षांनी परत आला. आमचं दुकान झेरॉक्स, बाइंडिंग आणि लॅमिनेशनचं. बाबा ते तीस वर्षं चालवतात आणि मी सहा वर्षं त्यांच्या हाताखाली आहे. पाण्याचा आणि आमच्या घराचा संबंध एवढाच, की ते कागदाजवळ येऊ द्यायचं नाही.

सकाळी साडेआठला दादा शटर वर करतो. मशीनची काच मऊ फडक्यानं पुसतो. कोऱ्या कागदांचा गठ्ठा हातात घेऊन फर्रकन फिरवतो, म्हणजे पानं एकमेकांना चिकटत नाहीत. मग फोनवर मेल बघतो आणि फोन पालथा ठेवतो. तोवर माणसं यायला लागतात. शिकायला बाहेर निघालेली पोरं तर त्याच्याकडूनच अर्ज भरून घेतात, कारण कुठल्या रकान्यात काय लिहायचं हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? लोकांच्या लेकरांना तो एकेक करून विमानात बसवतो आणि स्वतः स्टेपलरमध्ये पिना भरत बसतो.

"बघ, शिक्षण कधी वाया जात नाही," बाबा एकदा जेवताना म्हणाले. "तू आल्यापासून गिऱ्हाईक वाढलं."

ते अगदी मनापासून बोलत होते. आई ताट उचलून आत गेली आणि बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. दादानं भात संपवला.

यातून बाहेर पडायची एक वाट दिसली ती ह्याच वर्षी. जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत एक जागा निघाली. मुलाखत झाली आणि यादीत दादाचं नाव पहिलं लागलं. एकच जागा, एकच अट. बाहेरची पदवी इथल्या पदवीच्या तोडीची आहे असा सरकारी दाखला दोन महिन्यांत आणायचा. तीस तारखेपर्यंत दाखला नाही आला, तर जागा यादीतल्या दुसऱ्याला. वयाच्या मर्यादेत बसायची दादाची ही शेवटचीच खेप होती. त्या दिवशी चहावाल्यानं 'परदेश' म्हटलं तेव्हा दादा खरंच हसला.

आता जे झालं ते सांगायला हवं, आणि त्यात माझाही हात आहे.

दादा परत आला त्या दिवशी प्रवासानं इतका थकला होता, की कपडेही न बदलता झोपला तो दुसऱ्या दिवशी दुपारीच उठला. मधल्या वेळात बाबांनी त्याच्या बॅगेतून प्रमाणपत्र काढलं. हात स्वच्छ धुऊन, पुसून, वाळवून. बाबांना कागदावरची भाषा येत नव्हती, पण ते तो कितीतरी वेळ बघत बसले. मग मला म्हणाले, "चल, मशीन तापव." खास कामासाठी राखून ठेवलेली सगळ्यात जाड फिल्म त्यांनी काढली. मशीनचा हिरवा दिवा लागला. त्यांनी कागद आत सरकवला आणि मी पलीकडून धरला. गरम आहे तोवर जाड पुस्तकाखाली दाबला, म्हणजे वळत नाही. कडा मी कापल्या. चारही कोपरे मी गोल केले, कोपरे कापायच्या त्या छोट्या यंत्रानं, एक केसभरही इकडं तिकडं न होऊ देता.

बाबांची एक जुनी सवय आहे. लॅमिनेशन झालं की पेल्यातलं दोन थेंब पाणी त्यावर टाकायचं, अंगठ्यानं पुसायचं आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, "बघा. याला आता जन्मात काही होत नाही." तीस वर्षांत हे त्यांनी किती हजार वेळा केलं असेल कुणास ठाऊक. त्या दिवशी समोर गिऱ्हाईक नव्हतं, तरी त्यांनी ते केलं. मग मशीनच्या वर खिळा ठोकून प्रमाणपत्र लावलं. दादा डोळे चोळत दुकानात आला, त्यानं वर पाहिलं, मग बाबांच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाला, "छान झालंय, बाबा."

अर्ज केल्यावर महिन्याभरानं दाखल्याच्या कचेरीनं मूळ प्रत दाखवायला बोलावलं म्हणून तो ते खिळ्यावरून काढून घेऊन गेला, तेव्हा सोबत मी होते. खिडकीतल्या बाईंनी ते हातात घेतलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हे लॅमिनेट कुणी केलं?"

"घरी केलंय," दादा म्हणाला.

"चालत नाही हो. उठावाचा शिक्का बोटानं तपासावा लागतो आणि मागच्या बाजूला आमचा शिक्का, सही लागते. दुसरी प्रत मागवा विद्यापीठाकडून."

दादानं तिथल्या तिथं, बाकावर बसूनच मेल केला. तीन दिवसांनी उत्तर आलं. फार सभ्य उत्तर होतं. दुसरी प्रत मिळेल, पुढच्या पदवीदान समारंभानंतर, म्हणजे सुमारे सात महिन्यांनी. आमच्याकडे उरले होते एकोणीस दिवस. दादानं त्यांना पुन्हा लिहिलं, विनवलं, फोन केले. पलीकडून दर वेळी तेवढ्याच सभ्यपणे तेच उत्तर आलं.

"बाबांना कळता कामा नये," कचेरीच्या पायऱ्या उतरताना दादा मला म्हणाला होता. "शपथ घे."

"का? त्यांनीच तर केलंय!"

"म्हणूनच."

मला दादाच्या चांगुलपणाचा राग आला. बाबांच्या हौसेचा आला. आणि सगळ्यात जास्त आला तो माझ्या त्या गोल कोपऱ्यांचा. बाबा इकडं रोज विचारायचे, "ते परत कधी येणार रे? भिंत बोडकी दिसते." दादा म्हणायचा, "प्रक्रिया चालू आहे, बाबा." प्रक्रिया! त्याची झोप उडाली होती, दाढी वाढली होती. अर्ज भरताना तो मधेच थांबायचा आणि पेन तसंच हातात धरून समोर बघत राहायचा. एकदा एका पोरीनं विचारलं, "दादा, तिकडं जाऊन आल्याचा फायदा होतो ना?" तो म्हणाला, "पुढच्या रकान्यात आईचं नाव लिही."

एका दुपारी आई दवाखान्यात गेली होती तेव्हा मी घरात एकटीच होते. माझंही एक प्रमाणपत्र होतं, इथल्याच साध्या कॉलेजचं, बाबांनीच लॅमिनेट केलेलं. मला ते आजवर कुणी मागितलेलं नाही, आणि मागेल असं लक्षणही नाही. मी ते घेतलं. तासभर बर्फाच्या कप्प्यात ठेवून पाहिलं. मग हेअर ड्रायरनं कडा गरम करून, ब्लेडचं टोक घालून, श्वास रोखून फिल्म सोलायला लागले. कोरा भाग अलगद सुटला. मला वाटलं, जमलं! दादाला हाक मारायला तोंड उघडलंसुद्धा. पण अक्षरांपाशी पोचले आणि अक्षरं फिल्मबरोबर उठून आली. खाली कागदावर पांढरे ओरखडे राहिले. माझं नाव फिल्मच्या आतल्या बाजूला चिकटलं होतं. मी ते दोन्ही तुकडे माझ्या कपड्यांच्या खाली ठेवून दिले आणि हमसून हमसून रडले. माझ्या कागदासाठी नाही. तो एक रस्ता होता, तोही बंद झाला म्हणून.

उरले चार दिवस. भर दुपारी एक बाई आपल्या मुलीला घेऊन दुकानात आल्या. मुलीच्या हातात कोरं करकरीत प्रमाणपत्र होतं. बाबा खूश झाले. "लाव की मशीन," मला म्हणाले, "आपली जाड फिल्म काढ." माझे हात चालेनात, तर त्यांनी स्वतःच कागद फिल्ममध्ये घातला आणि मशीनच्या तोंडाशी नेला.

दादा कोपऱ्यात कुणाच्या तरी प्रबंधाची पानं मोजत होता. तो एवढ्या जोरात उठला, की सगळी पानं जमिनीवर पसरली. त्यानं बाबांच्या हातातून तो कागद अक्षरशः हिसकावला.

"बाबा, नको! मूळ कागद आहे तो!"

माझ्या भावाला मी जन्मात असं ओरडताना ऐकलं नव्हतं. त्या मायलेकी कागद घेऊन घाईघाईनं निघून गेल्या. बाबा हात तसाच पुढं धरून उभे होते.

"मग मूळच करायचा असतो ना?" ते म्हणाले. "झेरॉक्सला कोण लॅमिनेट करतं?"

दादा खाली बसून पानं गोळा करायला लागला. बाबांनी त्याच्याकडं पाहिलं, मग वर त्या रिकाम्या खिळ्याकडं पाहिलं.

"तुझं अजून का नाही आलं परत?"

दादा पानांचे नंबर जुळवत राहिला. कुणीतरी बोलायलाच हवं होतं, आणि आमच्या घरात असलं काम नेहमी माझ्याच गळ्यात पडतं. मी सगळं सांगितलं. शिक्का, सात महिने, तीस तारीख.

बाबांनी शटर अर्धं खाली ओढलं. ऐन धंद्याच्या वेळी, घरात कुणी वारलेलं नसताना, पहिल्यांदा. "आण ते इकडं," ते म्हणाले. "मी घातलंय, मीच काढतो." त्यांनी खणातून नवं ब्लेड काढलं. मी धावत घरी गेले, ते दोन तुकडे आणले आणि त्यांच्यासमोर काचेवर ठेवले.

"मी करून बघितलंय, बाबा."

त्यांनी फिल्म उजेडाकडं धरली. माझं नाव त्यातून उलटं दिसत होतं. त्यांनी ते वाचलं. ब्लेड पुन्हा कागदात गुंडाळून खणात ठेवलं.

"तुझंही घालवलंस का गं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दादाला दुकान सांभाळायला सांगितलं आणि मला घेऊन कचेरी गाठली. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. खिडकीशी गेल्यावर त्यांनी हातच जोडले.

"बाई, चूक माझी आहे. मुलगा झोपला होता. त्याला विचारलंसुद्धा नाही मी. जी काय शिक्षा असेल ती मला करा."

बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. "काका, मला कळत नाही का?" त्या म्हणाल्या. "साहेबांना पण विचारलं मी. पण शिक्का मारू कुठं, तुम्हीच सांगा."

"मारून तर बघा. एकदा. जोरात मारा."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग एक जुना, बाद झालेला शिक्का गादीवर दाबला आणि प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला उमटवला. निळं वर्तुळ अगदी स्वच्छ उठलं. बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी वाकून फुंकर घातली, थांबले, पुन्हा फुंकर घातली. मग नकळत, तीस वर्षांच्या सवयीनं, त्यांचा अंगठा पुढं गेला आणि त्यांनी तो शिक्का पुसला.

खाली काहीच उरलं नव्हतं. साधा डागसुद्धा नाही. बाबा त्या चकचकीत फिल्मकडं बघत राहिले. बाईंनी मान दुसरीकडं वळवली. परतीच्या वाटेवर निळा अंगठा त्यांनी मुठीत लपवून धरला होता.

तीस तारीख आली तशी गेली. दोन तारखेला दुसऱ्या नंबरचा उमेदवार रुजू झाल्याचं कळलं. दादानं दाढी केली, प्रमाणपत्र पुसलं आणि स्टुलावर चढून स्वतःच्या हातानं त्याच खिळ्याला लावलं. बाबा म्हणाले, "नको रे लावू." तो म्हणाला, "भिंत बोडकी दिसते, बाबा."

परवा एक अनोळखी गृहस्थ आले, जाडजूड फाइल घेऊन. दादा मशीनवर त्यांची पानं काढत होता. ते वर बघत राहिले.

"वा! अगदी कालचं वाटतंय. तुमच्या मुलाचं?"

"हो," बाबा म्हणाले.

"काय लॅमिनेशन आहे! याला काही होत नाही बघा. आणि मुलगा कुठं असतो?"

मशीनचा उजेड काचेखालून एकदा इकडून तिकडं गेला. बाबांनी अंगठा मुठीत घेतला.

"इथंच असतो," ते म्हणाले.

दादानं निघालेली पानं काउंटरवर आपटून सारखी केली आणि त्या गृहस्थांना विचारलं, "पुढची पाठपोट काढू का?"