सूपभर जोंधळ्याचा केरूआजा

सणसरात दळण टाकायला गेलं की पिठाबरोबर एक साहेब फुकट मिळायचा. गिरणी झुंबरआत्याची, आणि साहेबही तिचाच.

"ह्ये डोळं बघ," गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून ती नव्या गिऱ्हाइकाला सांगायची, "घारं हायत का न्हाईत? आमचा पणजा गोरा साहेब व्हता. कॅनॉल खोदायला आला आन् जाताना डोळं ठिवून गेला!"

गिऱ्हाईक बिचारं गव्हाचा डबा घेऊन आलेलं. त्यानं हसावं की तोंड फिरवावं, हे ठरेपर्यंत दळण व्हायचं.

झुंबरआत्या माझ्या आजोबांची बहीण. नात्यानं माझी आजी, पण गाव आत्या म्हणतं म्हणून आम्हीही आत्याच म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर. भुवया पांढऱ्या, निम्म्या वयानं आणि निम्म्या पिठानं. चौदाव्या वर्षी लग्न होऊन गेली आणि वर्षाच्या आत परत आली. का आलीस म्हणून विचारलं तर एकच उत्तर, "तितं जातं व्हतं. मला गिरणी पायजे हुती." खरं कारण तिच्या पाठीवर आहे, असं माझी आई म्हणते. आत्या म्हणत नाही.

तिला माहेरी ठेवून घेतली ती तिच्या आज्यानं, केरूनं. सासरचे लोक न्यायला आले, अंगणात बसले, चहा प्याले. आत्याचा बाप मान खाली घालून तिचं बोचकं बांधायला उठला. तेवढ्यात केरूआजा आतून सूपभर जोंधळे घेऊन आला, ते चारचौघांत आपल्याच लेकाच्या धोतरात ओतले आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाला, "पोरगी म्या इकत घेतली. आता काय बोलायचं त्ये माझ्यासंगं बोला."

पाहुण्यांना वाटलं, म्हातारं कामातनं गेलं. अशा घरातली सून नकोच म्हणून ते बैलगाडी जुंपून गेले ते गेलेच. पुढं कितीतरी वर्षं घरात कुणी आत्यावर चिडलं, की "सूपभर जोंधळ्याची ती, तिला काय बोलायचं" म्हणून हसायचे.

केरूआजाला मी पाहिलेलं नाही. आत्याच्या सांगण्यातून तो मला पाठ आहे. कल्लेदार मिशा, आवाज विहिरीतून आल्यासारखा आणि नाकाला भोक. बाप्या माणसाच्या नाकाला भोक! तो दुपारी घोरायला लागला, की झुंबर आणि तिचे भाऊ त्या भोकात हळूच ज्वारीचं कुसळ सरकवायचे आणि शिंकेची वाट बघायचे. नाव विचारलं की तो ठसक्यात सांगायचा, "मुक्ताईचा केरू." बापाचं नाव कधीच नाही. मुक्ताई तर विधवा. गावानं बेरीज केली: विधवा, जवळून जाणारा कॅनॉल, घारे डोळे. उत्तर आलं साहेब. मागून लोक आमच्या घराला 'लेकवळे' म्हणायचे, म्हणजे लग्नाबाहेरच्या पोराचा वंश. आत्यानं त्या शिवीचा साहेब केला आणि तो दागिन्यासारखा घातला. ज्याला हिणवायचंय तो हिणवणार कसा? ती आधीच गिरणीवर जाहिरात करून मोकळी.

इथवर सगळं मजेत होतं. मग आमच्या भावकीनं देऊळ बांधलं.

देऊळ बांधलं की सभामंडप आला, सभामंडप आला की भिंत आली आणि भिंत मोकळी ठेवली तर ती भावकी कसली? ठरलं की काळ्या ग्रॅनाइटवर सगळी वंशावळ कोरायची. मूळ पुरुष अप्पाजी, खाली पात्या, म्हणजे त्याच्या लेकांच्या शाखा, त्याखाली पोरंबाळं. कामाचे मुख्य हिंदुरावतात्या. माळेगावच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी भावकी चालवायला घेतली होती. उंच, गोरे, गावाच्या भाषेत 'पाणीदार डोळ्यांचे'. यात्रेतला पहिला नारळ थोरल्या पातीनं फोडायचा असतो, तो मान त्यांच्या घरात.

आत्या आमची नावं घेऊन गेली. तात्यांनी कागद चष्म्याखाली धरला आणि परत दिला.

"झुंबर, केरूचा बाप कोण?"

"तुला म्हाईत न्हाई? गिरणीवर कवा दळणाला आला न्हाईस व्हय?"

"तसं न्हाई. दगूड हाय. दगडावर साहेब कसा लिवायचा? बाप सांग, फांदी घे. न्हाईतर तुमची फांदी लावू कुठल्या खोडाला?"

आत्या घरी आली. आली तरी तिनं गिरणी चालू केली नाही. ओसरीवर बसून म्हणाली, "माझं नाव नगं लिवू म्हणावं. पर ज्या म्हाताऱ्यानं मला ह्या घरात ठिवली, त्याचं नाव दगडावर न्हाई? कुत्र्यामांजराची नावं घालतील ही, आन् माझ्या आज्याला जागा न्हाई!" मग एकदम माझ्याकडे वळून, "ऋष्या, तू त्ये मोडी का काय शिकलास त्येचा उपेग कर की."

मोडीचं खरं सांगायचं तर सरकारी नोकरी मिळेल म्हणून मी बारामतीत वर्ग केला होता. नोकरी मिळाली नाही, मोडी तेवढी राहिली. आता तिला गिऱ्हाईक आलं.

"आन् खानेसुमारीत बघ," आत्या म्हणाली. "शिरगणती झाली आसंल की तवा. साहेबाची न्हाई का मोजदाद केली?"

"आत्या, खानेसुमारीत डोकी मोजली, नावं कुणी जपून ठेवली नाहीत."

"मग मोजली कशाला?"

मी इंदापूरला गेलो. तहसिलीच्या अभिलेख कक्षात मेघना मॅडमनी गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी काढून दिल्या आणि वर बजावलं, "शिंका बाहेर जाऊन द्यायच्या." पानं इतकी जुनी, की शिंकेसरशी एखादी पिढी उडून गेली असती.

दुपारपर्यंत केरू सापडला. 'मुक्ता कोम बाळोजी मयत', म्हणजे मरण पावलेल्या बाळोजीची बायको मुक्ता. तिला मुलगा. बापाच्या जागी नुसती आडवी रेघ. मी बाहेर येऊन फोन लावला.

"आत्या, बाप नाही. रेघ आहे."

"साहेबाचं नाव इंग्रजीत आसंल. नीट बघ."

"रेघ इंग्रजीत नसते, आत्या."

"मग बाळोजी कवा मेला त्ये तरी बघ. पोराच्या आधी का मागनं?"

म्हातारीचं डोकं गिरणीसारखं बारीक दळतं. मी पानं मागं उलटत गेलो. बाळोजी केरूच्या कितीतरी आधी वारलेला. म्हणजे साहेब पक्का. पण पानं मागंपुढं उलटताना एक गोष्ट मला उगाच खुपत राहिली. मूळ पुरुष अप्पाजीच्या घरी मुलगा जन्मला, वारला. पुन्हा जन्मला, वारला. तिसराही तसाच. पुढं त्याची पहिली बायकोही प्लेगात गेलेली. हिंदुरावतात्यांचे आजोबा दुसऱ्या बायकोचे, ते पुष्कळ नंतरचे.

संध्याकाळी गिरणीवर हे सगळं सांगितलं. तीन पोरांचं मी जाता जाता बोललो, ऊस पडला सांगावं तसं. आत्यानं बटण दाबून गिरणी बंद केली.

"तीन गेली? वळीनं?"

"हो."

"आन् चौथं?"

"चौथं नाहीच. तिसऱ्याच्या पुढच्या साली भावकीत फक्त मुक्ताईचा मुलगा आहे."

आत्याचा हात आपोआप नाकाकडे गेला. मग ती खालीच बसली, पिठात, आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी, पाण्यात पीठ, गालांवर कणीक मळायची वेळ आली.

"आरं गाढवा, नाकाला भोक कशाला आसतं बाप्याच्या? पोरं जगत नसली, की जल्मलेलं पोर उकिरड्यावर ठिवायचं. शेजारनीनं सुपात भरून न्यायचं आन् आईला पसाभर दाणं द्यायचं. पोर इकलं! आता त्ये तिचं. नाक टोचायचं, केरू म्हणायचं. म्हंजी सटवाईला वाटावं, ह्यो तर केरकचरा, हेला काय न्यायचं!"

मी म्हणालो, "पण नोंद?"

"नोंद करायला पाटील आला आसंल. इचारलं आसंल, पोर कुणाचं? आता खरं कोण सांगणार? सटवाई ऐकत आसती की! समदी म्हणाली आसतील, मुक्ताचं."

एका पोराला जगवायला अख्खं गाव सटवाईशी खोटं बोललं आणि त्या भरात सरकारही फसलं. पुढं खरी आई प्लेगात गेली, घरात दुसरी आली आणि पोर परत विकत घ्यायला कुणी आलंच नाही. मुक्ताई सांभाळत राहिली. ज्यांना खरं माहीत होतं ती माणसं संपली आणि मागं फक्त रेघ उरली. त्या रेघेवर आम्ही साहेब बसवला.

हसू ओसरल्यावर आत्या हळूच म्हणाली, "आन् मला त्येनं सुपानं घेतली. मला वाटायचं म्हातारं चेष्टा करतंय." पदरानं तोंड पुसलं. "त्येला म्हाईत व्हतं रं. इकत घेतलेलं पोर परत द्यायचं नसतं."

मग एकदम कपाळाला हात. "म्हंजी माझा साहेब गेला!"

दुसऱ्या दिवशी देवळात भावकी जमली होती. ग्रॅनाइट आलं होतं, कोरणाराही आला होता. आत्यानं सगळं सांगितलं. मी नोंदींची नक्कल दाखवली. हिंदुरावतात्या मिशीत हसले.

"गोष्ट झ्याक हाय. पर नाकाच्या भोकाचा पुरावा दगडावर चालत न्हाई, झुंबर. केरू अप्पाजीचाच कशावरनं?"

"हितं ये. माझ्याम्होरं उभा ऱ्हा," आत्या म्हणाली. तात्या बेसावधपणे उभे राहिले. "आता बघा रं समद्यांनी. ह्ये माझं डोळं. आन् ह्ये हेचं."

भावकीनं बघितलं. एकच घारा रंग. चार डोळे एका साच्यातले. जन्मभर एका घरातल्या घाऱ्या डोळ्यांना आम्ही पाणीदार म्हणालो आणि दुसऱ्या घरातल्यांना साहेबाचे. शेजारी शेजारी ठेवून कुणी पाहिलेच नव्हते.

"का तुझ्याबी पणजीकडं साहेब आला व्हता?" आत्यानं गोड आवाजात विचारलं.

मागं कुणीतरी फुसकन हसलं आणि मग सगळा सभामंडप हसत सुटला. तात्या हसले नाहीत, कारण ते पुढचा हिशोब करत होते. केरू अप्पाजीचा, तर तो पहिल्या बायकोचा. म्हणजे थोरला. म्हणजे थोरली पाती आमची. म्हणजे यात्रेचा पहिला नारळ...

"झुंबर," ते एकदम मऊ झाले, "नारळाचं मग बसून बोलू."

"नारळ ठिव तुलाच. माझ्या हातानं फुटतबी न्हाई. मला दगडावर दोनच सबूद पायजेत. केरू, मुक्ताईचा."

"आगं, बायकांची नावं न्हाईत दगडावर! माझ्या आईचं न्हाई, कुणाचं न्हाई. अप्पाजीच्या खाली केरू लिवतो की."

"अप्पाजीनं जल्म दिला, त्येच्या खालीच लिव. पर मोठा केला मुक्ताईनं. इकत घेतलाय तिनं. सबूद न्हाई म्हणत आसशील तर ऋष्या, जा, नारळ घिऊन ये दुकानातनं. हितंच शिकते फोडायला."

मी खरोखरच चप्पल घातली. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि कोरणाऱ्याला विचारलं, "काय रं, 'मुक्ताईचा' बसंल का त्या वळीत?"

बसलं. जरा दाटीवाटीनं, पण बसलं. सगळ्या दगडावर बाईचं नाव एकच. ते अशा उंचीवर आलंय, की शेजारच्या घंटेला हात लावणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी तिथंच जाते. बाकीच्या घरांतल्या म्हाताऱ्या आता आपापल्या नावाची चौकशी करू लागल्यात. तात्या हल्ली देवळात कमी दिसतात.

परवा गिरणीवर वालचंदनगरहून बदलून आलेली एक नवी बाई दळण घेऊन आली. तिनं ऐकलं होतं काहीतरी. आत्याकडे निरखून बघत म्हणाली, "आत्या, तुमचा पणजोबा साहेब होता म्हणे?"

आत्यानं बटणावर हात ठेवला, घारे डोळे मिचकावले.

"व्हता की. पर बदली झाली त्येची."