नागलीच्या पापडाची साक्ष

सरुबाईने आयुष्यात डोक्यावरून काय काय वाहिलं! पाण्याचे हंडे, भाताचे भारे, लाकडाच्या मोळ्या, एकदा तर पाय मोडलेली शेळी. पण तिला नोकरी लागली ती मायक्रोस्कोपमुळे.

नाशिकच्या एका ट्रस्टचा फिरता दवाखाना हरसूलच्या डोंगरातल्या पाड्यांवर जायचा. जीप जिथे थांबायची तिथून पुढे सगळं पायी. १९९१ साली पहिल्या फेरीला कंपाउंडरने मायक्रोस्कोपची पेटी पोटाशी धरली आणि पहिल्याच उताराला बसकण मारली. बघायला जमलेल्या बायकांत सरुबाई होती. तिने पदराची चुंबळ केली, पेटी डोक्यावर चढवली आणि म्हणाली, "आता उठा, का तुमाला पन घेऊ?" डॉक्टर संध्याबाईंनी तिला तिथल्या तिथे कामावर घेतलं. हुद्दा मदतनीस. मदत कोण कोणाला करतंय हे डोंगरात सगळ्यांना दिसायचं.

पेटी शिसवी होती, पितळी कडीची, आतल्या यंत्राहून जड. सहा पावसाळे तिने कसेबसे काढले. सातव्या पावसाळ्यात सांध्यांतून पाणी झिरपलं आणि भिंगांवर बुरशी चढली. संध्याबाई रक्तात हिवतापाचे जंतू शोधायला बसल्या की त्यांना बुरशीचीच जाळी दिसायची. नाशकातल्या दुरुस्तीवाल्याने हात टेकले. ट्रस्टने नवा मायक्रोस्कोप घेतला आणि त्याच बैठकीत ठरावही केला, की दसऱ्यापर्यंत हे यंत्र शहराबाहेर जाणार नाही. रक्ताच्या काचपट्ट्या नाशकात आणायच्या आणि अहवाल मागाहून पाठवायचे.

कागदावर ठराव शहाणपणाचा होता. गाद्यांवर बसून केलेले ठराव कागदावर शहाणेच दिसतात. पण सरुबाईच्या भावजयीची काचपट्टी अशीच एकदा नाशकात गेली होती. अहवाल आला तेव्हा तिचे दिवससुद्धा घालून झाले होते. त्यामुळे ठराव ऐकल्यावर सरुबाईने बादली आणि फडकं उचललं. ट्रस्टच्या नाशकातल्या दवाखान्याची फरशी तिने त्या दिवशी अशी पुसली की फरशीने माफी मागावी.

संध्याबाईंनी भांडून भांडून एक सवलत मिळवली. पंधरा दिवसांत खात्रीची पेटी मिळाली आणि तिची रीतसर चाचणी झाली, तर पावसाळ्यातल्या फेऱ्या होतील. नाहीतर नाही.

मग मनोज आला. पेट्या विकणारा, तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला. त्याने टेबलावर भगव्या रंगाची पेटी ठेवली. जाड प्लॅस्टिकची, आत स्पंज, झाकणाला रबराची कड आणि दोन खटके. वजन जुन्या पेटीच्या निम्म्याहूनही कमी. तो पेटीवर उभा राहिला, उड्या मारल्या, मग आत टिपकागद घालून ती न्हाणीघरात बादलीत बुडवली. आतला टिपकागद कोरडा निघाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. संध्याबाईंनी चाचणीचा कागद पुढे ओढला.

"बादलीत काय," सरुबाई दारातून म्हणाली, "बादलीत मी पन कोरडी राहीन."

मनोज हसला. "मावशी, ही मजबूत वस्तू आहे. तुम्हाला उचलायलाही सोपी. हे बघा हँडल."

"हँडल तुला रे भाऊ. तुझा रस्ता डांबरी. आमच्या उताराला एका हातात काठी लागते न् दुसऱ्या हातात झाडाची फांदी. तिसरा हात तुझी कंपनी देते का?"

तिने पेटी उचलून डोक्यावर ठेवली आणि तोंड वाकडं केलं. पेटीच्या तळाला गोट्यांएवढे चार रबरी पाय होते आणि मधोमध एक उंचवटा. तो बरोबर टाळूत रुतत होता. पेटी बनवणाऱ्याने हिशेबात हात धरला होता, गाडीचं मागचं सीट धरलं होतं, विमानही धरलं असेल; बाईचं डोकं काही धरलं नव्हतं.

"तळाला चुंबळ बसवावी लागेल," संध्याबाई म्हणाल्या.

"ती मी बशिवते. पन बाई, अशी चाचणी मला पसंत नाय. आपल्या नदीवर चला. यंत्र नको आत. मी सांगते ते घाला."

तिने सांगितलं ते असं: पाच किलो नागली, म्हणजे नाचणी, वजनाला. सहा गावठी अंडी, फुटतात का बघायला. आणि भाजलेले नागलीचे पापड. पापडाला ओल लपवता येत नाही. पावसाळी हवेत दोन घटका उघडा राहिला तरी तो मऊ पडतो.

चालक हिरामण म्हणाला, "आन् भूक लागली तर चाचणीच खाऊन टाकू."

दोन दिवसांनी भर पावसात जीप हरसूलच्या पुढे जाऊन थांबली. मनोज नव्या बुटांत आला होता. सरुबाईने पेटी भरली, खटके लावले आणि चढण धरली. डोक्यावर पेटी, खाली घोंगडीच्या तुकड्याची चुंबळ, हात मोकळे. मागून मनोज दोनदा बसला, एकदा झोपला. हिरामण त्याला सांगत होता, "साहेब, तुमालाच एक खटका लावून घ्या."

नदीला गढूळ पाणी होतं, कमरेएवढं, पण ओढीचं. सरुबाई मध्यापर्यंत गेली, उभी राहिली आणि पाय वगैरे काही न घसरता, चांगली बघून, पेटी पाण्यात टाकून दिली.

"अहो सॅम्पल आहे ते!" मनोज ओरडला.

"यंत्र पडंल तवा काय सांगून पडंल का?"

पेटी बुडाली, वर आली आणि चालू लागली. हे मात्र कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. शिसवी पेटी पडली तर पडली तिथे बसायची. ही हलकी, आत हवा भरलेली, बदकासारखी डुलत निघाली. सरुबाई पाण्यातून, हिरामण काठाने, संध्याबाई छत्री मिटून त्याच्यामागे आणि मनोज बूट हातात घेऊन सगळ्यांच्या मागे, अशी वरात निघाली. पुढच्या वळणावर गोटीराम मासे धरायला जाळं टाकून बसला होता. चार मरळ माशांबरोबर त्याच्या जाळ्यात भगवी पेटी आली.

"माझ्या जाळ्यात आली ती माझी," गोटीराम म्हणाला.

"घे की. आत माझी अंडी हायेत, उबवत बस," सरुबाई म्हणाली आणि पेटी काढून घेतली.

पलीकडे भागीबाईचं घर होतं. तिच्या ओट्यावर सगळे जमले. भागीबाई सरुबाईची मावसबहीण, त्यामुळे चहाआधी टोमणे मिळाले. मग खटके उघडले. अंडी सहाच्या सहा शाबूत. नागलीच्या पिशवीवर थेंब नाही. मनोजची छाती फुगली. सरुबाईने पापड उचलला आणि मोडायला गेली.

पापड मोडला नाही. वाकला. ओल्या फडक्यासारखा दुमडला.

संध्याबाईंनी कागदाची घडी उलगडली, त्यावर "ओल आत" असं लिहायला पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. ते दोन शब्द लिहिले की दसऱ्यापर्यंत फेऱ्या बंद. मनोज पुन्हा पुन्हा म्हणत होता, "शक्यच नाही मॅडम, रबर जगभर चालतं."

सरुबाई झाकणाच्या कडेवरून बोट फिरवत होती. कोरडी. झाकणाच्या आतून, कोरडं. मग तिने स्पंजात, अंड्यांच्या खळग्यांत बोटं खुपसली आणि तिचा चेहरा उतरला. तिथे ओल होती. फक्त तिथेच.

आता ती गप्प बसली असती तर कोणाला कळलं नसतं. दोष मनोजच्या पेटीला गेला असता. पण फेऱ्याही गेल्या असत्या. सरुबाई सहजासहजी आपली चूक कबूल करणारी बाई नव्हे. सात वर्षांत तिने एकदाही केली नव्हती.

"पेटीचं नाय चुकलं," ती म्हणाली. "माझं चुकलं. अंड्यांना खुराड्यातली घाण होती. बाईंच्या नव्या पेटीत तशी कशी घालू, म्हनून धुतली. पुसली नाय."

"अगं बया!" भागीबाई म्हणाली. "सरुबाय चुकली! गोटीराम, ऐकलंस का रे? गावात सांग."

"सांगा, सांगा. पन आधी ऐका. पानी बाहेरून नाय आलं, आतलं आतच राह्यलं. जी पेटी आत येऊ देत नाय, ती बाहेर तरी कशी जाऊ देईल? आपन पावसात यंत्र काढनार, हात ओले, हवा ओली, न् तसंच बंद करनार. मंग बुरशी काय, घरातल्या घरात येईल."

संध्याबाईंनी पेन खाली ठेवलं. "खरं आहे हे. मनोज, याला काय उपाय आहे तुमच्याकडे?"

मनोजकडे माहितीपत्रक होतं, आणि तेही भिजलं होतं.

उपाय भागीबाईच्या चुलीवर होता. घरातलं मीठ पावसाळ्यात पाणी धरू नये म्हणून तिथल्या बायका मिठाच्या मडक्यात भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवतात. सरुबाईने दोन मुठी तांदूळ तव्यावर चांगले तांबूस भाजले, निवू दिले, स्वच्छ फडक्यात बांधले. स्पंज चुलीपाशी वाळवला. अंडी तोवर हिरामणने उकडून घेतली होती. भागीबाईने ताजे पापड भाजले, पेटीत घातले, शेजारी पुरचुंडी. खटके लागले. या वेळी पेटीला दोर बांधला, गोटीरामने दुसरं टोक कमरेला गुंडाळलं आणि पेटी नदीत दगडाखाली ठेवली. जेवणं झाली. मनोजने भाताबरोबर मरळींची आमटी तीनदा घेतली आणि पेटीची आठवण काढायचं विसरला.

दुपार कलताना पेटी बाहेर आली. आता गावातली पंधरावीस माणसं ओट्याभोवती होती. चुकलेली सरुबाई बघायला आली होती सगळी. तिने पापड उचलला, संध्याबाईंच्या कानाशी नेला आणि मोडला.

कट्.

असा आवाज की कोंबड्या दचकल्या. मनोजने आनंदाने गोटीरामलाच मिठी मारली. संध्याबाईंनी कागद मांडीवर घेतला. "बोला सरुबाई, काय लिहू? चाचणी तुम्ही घेतली, सही तुमचीच लागणार."

"लिहा. पानी आत येत नाय. अंडं फुटत नाय. तळ माणसाच्या डोक्याला नाय, चुंबळ पाह्यजे. पान्यात पळते, दोर पाह्यजे. भाजल्या तांदळाची पुरचुंडी दर फेरीला नवी. न् ओल्या हातानं कोनी उघडायची नाय." पेन हातात घेत ती म्हणाली, "मी पन नाय."

खाली तिने आपलं नाव लिहिलं. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेलं, चार अक्षरांचं, उकारापाशी पेन थोडं घसरलेलं. ट्रस्टच्या कारभाऱ्यांनी तो कागद दोनदा वाचला म्हणतात. ठराव फिरला. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात मायक्रोस्कोप नदीपार गेला. त्या एका दिवसात तिघांचा हिवताप तिथल्या तिथे सापडला आणि औषध संध्याकाळच्या आत पोटात गेलं.

भगवी पेटी पुढे नऊ पावसाळे चालली. मनोज दर वर्षी पेटीचं रबर तपासायला म्हणून यायचा, ते मरळींच्या दिवसांतच. पेटीत भिंगांशेजारी एक पापड नेहमी असायचा. पाड्यावर पोचलं की सरुबाई आधी हात कोरडे करी, खटके उघडी आणि पापड मोडी. 'कट्' झालं की म्हणायची, "बसा बाई, तुमचं यंत्र बरं हाय." अर्धा पापड ती स्वतः खायची आणि अर्धा रांगेत पहिल्या बसलेल्या माणसाच्या हातावर ठेवायची. बोटाला सुई टोचली जाईपर्यंत तो त्याला पुरायचा.