तंबूंचं पहिलं रिटर्न

खोटं मी एकदाच बोललो, पण ते पाच महिने पुरलं.

राजगडाखालच्या पालीत माझं घर आणि भोरच्या पेठेत माझ्या मित्राचं शिलाईचं दुकान. शाळेपासूनची दोस्ती. गडावर येणाऱ्यांना मुक्कामाला तंबू भाड्याने द्यायचा धंदा आम्ही दोघांनी मिळून काढला. रान माझं, तंबू दोघांचे, फाटतुटीची दुरुस्ती त्याची. रीतसर भागीदारीचा करार केला, भागीदारीच्याच नावाचं पॅन कार्ड काढलं. कागदपत्रं माझ्याकडे, कारण मी बारावी झालेला.

पहिलं वर्ष तोट्यात गेलं. मार्गासनीत चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, तोटा असला की आयकराचं रिटर्न भरावं लागत नाही. मला ते इतकं सोयीचं वाटलं की पुढे कुणाला विचारलंच नाही. जुलै संपताना मित्राने विचारलं, "रिटर्नचं काय झालं रं?"

"भरलं," मी म्हणालो.

त्याने कागद विश्वासाने माझ्यावर सोपवले होते. त्याच्यासमोर "मला नीट माहीत नाही" म्हणणं जड गेलं, एवढंच.

दिवाळीच्या सुमारास कळलं की भागीदारीला तोट्यातही रिटर्न भरावंच लागतं. मग मी त्याच्या दुकानाची पायरी टाळू लागलो. चेन तुटलेले तंबू टेम्पोवाल्याबरोबर पाठवायचो. तो दुरुस्त करून परत धाडायचा आणि दर वेळी गाठोड्यात खारीचा पुडा ठेवायचा. ती खारी माझ्या घशाखाली उतरत नसे. खाल्ली मात्र सगळी.

डिसेंबरात, उशिरा भरायचीही मुदत संपायच्या आत, भोरला रिटर्न भरून देणाऱ्या बाईंकडे मागच्या गल्लीने गेलो. त्यांनी सगळी माहिती भरली, उशिराबद्दल हजार रुपये लागतील म्हणाल्या. पहिल्या वर्षाचा तोटा आता पुढच्या नफ्यातून वजा करता येणार नाही, हेही सांगितलं. मी नुसती मान हलवत होतो. गुपचूप निभावतंय, याचंच सुख. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "ओटीपी आला असेल, सांगा."

माझा मोबाईल गप्प. मग आठवलं. पालीत रेंज नसते म्हणून नोंदणीच्या फॉर्मात नंबर मीच मित्राचा दिला होता.

"दुसरीकडे नाही का येणार?"

"नाही. भागीदाराला फोन लावा की! एवढं काय त्यात?"

लावला. "काही नंबर आलाय का रे तुला?"

"आलाय. कुठं हायस?"

"रिटर्नवाल्या बाईंकडे."

"बस तितंच."

पाचच मिनिटांत गळ्यातल्या मोजपट्टीसकट तो दारात हजर. मी उठून उभा राहिलो. "मी खोटं बोललो. रिटर्न भरलंच नव्हतं."

"ठावं हाय," तो खुर्ची ओढत म्हणाला. "भरा, भरा म्हणून मेसेज मलाच येत्यात. दिवाळीपास्नं बघतोय, ह्यो गडी तोंड कवा उघडतोय."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं आसतं तर परत 'भरलं' म्हणाला आसतास. एक खोटं म्या सोडलं. दोन न्हाई सोडली आसती."

बाई स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "तुमचं होऊ द्या निवांत. ओटीपीची वेळ गेली. दुसरा मागवते."

दुसरा आला. त्याने एकेक आकडा ठासून सांगितला. रिटर्न गेलं. हजार रुपये मी माझ्या खिशातून काढले, तर त्याने त्यातले निम्मे परत माझ्याच खिशात कोंबले आणि तेवढे स्वतःचे घातले. "भागीदारी हाय न्हवं? पण आता तंबू टेम्पोनं धाडायचे न्हाईत. सवता घिऊन यायचं. खारी दुकानात बसून खायची, माझ्या म्होरं."

निघताना बाईंनी विचारलं, "मोबाईल नंबर बदलून तुमचा टाकायचा का?"

"नको," मी म्हणालो. "त्याचाच राहू द्या."