हिरवा टाका

इस्त्रीवाली पोर भित्री नव्हती, पण संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की उतरायचं नाव घेत नसे.

मामीच्या लाँड्रीत इस्त्री तिची आणि खुणा मामीच्या. कपडे मिसळू नयेत म्हणून मामी कॉलरच्या आत रंगीत दोऱ्याचा एक टाका घालायची. लाल बाजारपेठेचा, निळा छापखान्याच्या गल्लीचा, हिरवा फक्त पोलीस लाइनीचा.

संप चिघळला, संध्याकाळी पाचनंतर संचारबंदी आली आणि या पोरीचा दादा, संपाचा पुढारी, लाँड्रीच्याच माळ्यावर लपला. नेमकं तेव्हाच या इस्त्रीवाल्या बाईसाहेबांना प्रेम सुचलं! छापखान्यातला तो उंच पोरगा दुपारी मागच्या दाराने यायचा. चादरींच्या ढिगाआड दोघं बिलगायची, रस्त्यावर घोषणा घुमायच्या, आणि तिला वाटायचं, आता कुणाच्या बापाला भ्यायचं नाही. त्या दिवशी त्याच्या शर्टाचं वरचं बटण तिनेच काढलं. कॉलर उलटली. आत हिरवा टाका.

तिने झटकन हात मागे घेतला.

“काय झालं गं?”

“काही नाही. इस्त्री तापत राहिलीय.”

“दादाला ताप आहे म्हणालीस ना? गोळ्या आणल्यात. तुझ्यावर नजर असेल, मीच पोचवतो. आहे कुठे तो?”

अगंबाई, लागला की चौकशीला! तिने तोंडाला आलं ते ठोकून दिलं, “बर्फाच्या जुन्या कारखान्यात.” पोलीस तिथे धडकले की सोक्षमोक्ष लागेल, असा तिचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी तिचा एक डोळा रस्त्यावरच. त्या नादात इस्त्रीखाली दोन उशांचे अभ्रे जाळले. तेवढ्यात पावाच्या रांगेतून मामी आली.

“लक्ष कुठंय गं तुझं? आणि ऐक, या आठवड्यात खुणा बघू नकोस, कपड्यांना टाचलेल्या नावाच्या चिठ्ठ्या वाच. दोरे संपले, दुकानं बंद. सगळ्यांनाच हिरवा घातलाय मी.”

तिचा जीव भांड्यात पडला. मेले, किती वाईट विचार केलेस! तिने इस्त्री उभी केली आणि छापखान्याकडे पळायला चपला शोधू लागली.

“कुठे निघालीस? बाहेर धरपकड चाललीय. काल बर्फाच्या कारखान्यापाशी छापखान्यातल्या त्या उंच पोराला उचललं. पाच वाजून गेले तरी आत कुणाला तरी हाका मारत होता म्हणे. मरेस्तोवर मारलं, पण कुणासाठी आला ते सांगेना.”

माळ्यावरून दादा खोकला, मग हळूच म्हणाला, “काय गं, गोळ्या मिळाल्या का?”

“मिळाल्या होत्या,” ती म्हणाली, आणि ओढणीचा बोळा तोंडात कोंबून रडू लागली.