खामगावातला बरणीभर समुद्र

"चालू हाय नं? मंग हात कायले लावता?"

आमच्या खामगावच्या घड्याळजींचं हे ठरलेलं वाक्य. गिऱ्हाईक "जरा उघडून पाहा" म्हणून घड्याळ पुढे करी. घड्याळजी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवत, घड्याळ कानाला लावत आणि तसंच परत देत. अशानं धंदा होतो का, तुम्हीच सांगा!

महाराष्ट्र नुकताच झाला होता. शाळेच्या कामासाठी मी मुंबईला गेलो, तेव्हा येताना त्यांच्यासाठी काचेच्या बरणीत समुद्राचं पाणी आणि एक दगड घेऊन आलो. दगडाला समुद्रफूल चिकटलेलं होतं. दिसायला फूल, पण असतो तो प्राणी. पाकळ्या पसरून सुक्या कोळंबीचा कण गिळतो. घड्याळजींनी समुद्र कधी पाहिला नव्हता. त्यांनी बरणी दुकानात अगदी समोर मांडली. शेजारचा पानवाला म्हणाला, "मुंबई भेटली, समुद्र राह्यला होता. तोही आला!"

पाण्याला हवा मिळावी म्हणून रोज सकाळी ते पेल्यानं पाणी उचलून चहावाल्यासारखं उंचावरून सोडत. सगळं झकास चाललं होतं. मग एक दिवस फूल मिटलं ते मिटलंच. काचेवर तिळाएवढे तपकिरी ठिपके सरकत होते, काही तर थेट फुलावर चढलेले.

घड्याळजींनी भिंग लावलं. "जळू नाही, गोगलगाय नाही. चपटे किडे हायत, गुरुजी. वर पाठ, खाली पोट, मधात काईच नाही."

पानवाला लगेच विहिरीत टाकायचं लाल औषध पुडीत घेऊन आला. घड्याळजी बरणीला आडवे आले.

"काऊन बे? सारे एकदम मेले त त्याच पाण्यात सडतीन. दुसरा समुद्र कुठून आणू मी?"

खरा पेच तोच होता. पाणी बिघडलं की फूल गेलं, आणि समुद्र काही खामगावच्या बाजारात मिळत नाही.

त्यांनी कामाचा दिवा बरणीच्या एका बाजूला ठेवला. किडे उजेडाकडे जमू लागले. मग शाई भरायच्या ड्रॉपरनं एकेक ओढायचा, सोबत आलेलं पाणी धोतराच्या फडक्यातून गाळायचं आणि पुन्हा बरणीत सोडायचं. थेंबभर सांडलं तरी त्यांचा चेहरा पडायचा. आठवडेच्या आठवडे हा उद्योग चालला. कोणी विचारलं, "माझं घड्याळ?" की उत्तर तयार, "बंदच हाय नं? मंग कुठी जाते?"

एका दुपारी फुलानं पाकळ्या सोडल्या. घड्याळजींनी बायकोला घरातून ओढतच आणलं. फूल बघायचं सोडून मी त्यांच्याच तोंडाकडे बघत राहिलो. फार आवडला मला तो माणूस.

चैत्र लागला. आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. बरणी कोमट होऊ लागली. "इथं हे उन्हाळा काढत नाही," घड्याळजी म्हणाले, "पोचवून येतो."

वहिनींनी बरणीला ओलं फडकं बांधलं. "पोरगी सासरी चालली जशी," त्या म्हणाल्या.

"माहेरी," त्यांनी दुरुस्ती केली आणि बरणी मांडीवर घेऊन ते मुंबईची गाडी गाठायला जलंबच्या गाडीत बसले. दुकानाला कुलूप आणि वर पाटी: 'समुद्रावर गेलो आहे. आतली घड्याळं चालू आहेत.'

घड्याळजी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्या जागी चपलांचं दुकान आहे. मला ते आठवतात ते मुंबईहून परतले त्या सकाळचे. रिकामी बरणी पुसत बसले होते. मी विचारलं, "कसा वाटला समुद्र?"

त्यांनी भिंग कपाळावर सरकवलं.

"चालू हाय, गुरुजी. कोणी चावी देत नाही, तरी चालू हाय." मग ते लहान पोरासारखे लाजले. "फूल सोडून झालं होतं. पण मले राह्यवलं नाही. उगाच हात लावून पाह्यला."